ध्यानाला बसलेली बाई

दोन हजार सहाला आमच्या बुवापाड्यात चिकुनगुनिया आला तेव्हा एक घर सुटलं नाही. सगळे महिन्या-दोन महिन्यांत उठून कामाला लागले, मी तेवढी मागे राहिले. जगावेगळा आजार झाला तर लोक चौकशी तरी करतात. सगळ्यांना होऊन गेलेल्या आजाराचं कुणाला काय कौतुक? आमची मोतीबाई तर तोंडावर म्हणायची, आम्हाला नव्हता का झाला, आम्ही नाही का उठलो?

दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, गोळ्यांचा कोर्स झाला, रिपोर्ट नॉर्मल, आता तुम्ही बऱ्या आहात. हे माझ्या गुडघ्यांना कुणी कळवलं नाही. वर्ष झालं तरी घोटे सुजतात, आणि एकदा खाली बसले की उठताना जीव जातो. मिलिंद, माझा मुलगा, पुण्याहून फोनवर विचारतो, "आई, अजून?" त्या 'अजून'चा मला संताप येतो. म्हणून हल्ली मी बरी आहे असंच सांगते.

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्या बुद्धविहारात दुपारी ग्रंथवाचन असतं. अकरा वर्षं मीच वाचते. मालक गेल्यापासून घरात माझा आवाज ऐकायला भिंतीच आहेत. या दोन तासांत वीस बाया ऐकतात. दुखणं सांगितलं तर म्हणतील, ताई, आराम करा, अस्मिता वाचेल. अस्मिता बीए झालेली, वाचतेही छान. म्हणून मी गप्प राहिले आणि चौरंगापुढे मांडी घालून बसले.

वाचन संपलं की सगळ्यांनी उभं राहून सरणत्तय, ही समारोपाची गाथा, म्हणायची. यंदा पहिल्याच दिवशी बाया उठल्या आणि मला उठवेना. लाज वाटली. काही सुचेना म्हणून डोळे मिटून घेतले. झालं! रखमाताई ध्यानाला बसल्या, असं कुणीतरी कुजबुजलं. बायांनी पंखा तेवढा चालू ठेवला, चपला हातात घेऊन पाय न वाजवता गेल्या. मग मी रांगत खिडकीपर्यंत गेले, गज धरून उभी राहिले. पाव तास लागला.

दुसऱ्या दिवसापासून हा नेमच झाला. वस्तीत मान वाढला. रस्त्यात बाया थांबून वाकून जयभीम करायच्या. वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात, तसं माझं चाललं होतं. पण खरं सांगते, त्या पाव तासात मला रोज रडू यायचं. वीस बाया होत्या, एकीने जरी मागे वळून हात दिला असता!

आश्विन पौर्णिमेला समाप्ती. खीर वाटून झाली. रोजच्यासारखे डोळे मिटले आणि बाया जायची वाट पाहत बसले. कुणी जाईना. डोळे उघडले तर सगळ्या माझ्यासमोर रांगेत मांडी घालून, डोळे मिटून बसलेल्या. यशोधरा, कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून, हळूच म्हणाली, "ताई, आम्हाला पण शिकवा ना ध्यान."

आता या गेल्याशिवाय मला रांगता येणार नव्हतं, आणि या जाणार नव्हत्या. घोटे ठणकत होते. आणि इतक्या जणींत बसून मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"मला ध्यान येत नाही," मी म्हणाले. "माझ्याच्याने उठवत नाही, म्हणून मी बसून राहते. तीन महिने हेच केलं. कुणीतरी हात द्या."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. यशोधराने मान खाली घातली. अस्मिताची नजर चौरंगावरच्या ग्रंथाकडे गेली, आणि पुढच्या वर्षी कोण वाचणार ते मला तिथेच समजलं.

पहिला हात पुढे आला तो मोतीबाईचा. मी तो घट्ट धरला, पण तिच्याकडून पकड आली नाही. बोटं सुजलेली, अर्धवट मिटून तिथेच थांबलेली. वर्षभर ही बाई विहारात मेणबत्ती लावायला दुसरीला का पुढे करायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

ती माझ्या कानाशी वाकली.

"ओढू नको," म्हणाली. "मला धरवत नाही. कुणाला सांगू नको."

मी ओढला नाही. नुसता हातात ठेवला.