शून्य रुग्णांचं गाव

मी एक बॅटरी. खेळण्यात घालतात तो सेल नव्हे, हातात धरून उजेड पाडायची दोन सेलांची बॅटरी. शहरातली माणसं मला टॉर्च म्हणतात. माझं अंग पत्र्याचं, वर निकेलचा मुलामा आणि पाठीवर काळं सरकतं बटण. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते पनवेलच्या एका दुकानातलं काचेचं कपाट आणि २००८ सालच्या दिवाळीनंतर तिथे आलेल्या कुमुदताई.

कुमुदताई आरोग्यसेविका होत्या. खाडीकडच्या सात गावांचं काम त्यांच्याकडे होतं. दुकानदाराने मला पेटवून भिंतीवर उजेड पाडून दाखवला, तर त्या म्हणाल्या, "भिंतीवर नको, मुठीत पाडा." त्याने मूठ अर्धवट मिटली. ताईंनी वाकून त्या पोकळीत पाहिलं आणि मला घेतलं. मला वाटलं होतं, विहिरीवर जाईन, शेताच्या बांधावर जाईन. मी गेले ती माणसांच्या तोंडात.

त्या वर्षी पनवेलच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याने पाहणी हाती घेतली होती. साठीच्या पुढच्या माणसांमध्ये कॅन्सर कुठल्या गावात किती आहे, ते मोजायचं होतं. ज्या गावांचा आकडा मोठा निघेल, तिथे तपासणीची गाडी, डॉक्टर आणि पुढच्या उपचारांची सोय आधी पाठवायची असं ठरलं होतं. आमच्या भागात मिश्री लावणारी, तंबाखू चघळणारी म्हातारी माणसं खूप, म्हणून तोंड पाहणं महत्त्वाचं. ताई घरोघर जायच्या, नाव आणि वय लिहायच्या, अंगात कुठे गाठ आहे का, कुठून रक्त जातं का विचारायच्या आणि मग मला पेटवायच्या.

त्या सहा महिन्यांत मी काय काय पाहिलं! मिश्रीने काळ्या पडलेल्या हिरड्या पाहिल्या, एकटाच उरलेला दात पाहिला. एका आजोबांनी कवळी काढली, ती ठेवायला जागा सापडेना म्हणून माझ्याच शेजारी ताईंच्या वहीवर ठेवली. माणसं जगाला कितीही रागावून बोलत असोत, तोंड उघडलं की लहान मुलासारखी दिसतात, हे मला तेव्हा कळलं.

सहा गावांत लोकांनी कुरकुरत का होईना, पाहू दिलं. खाजणपाड्यात मात्र दारं लागली.

खाजणपाडा म्हणजे खाडीच्या तोंडाशी असलेलं कोळ्यांचं छोटं गाव. तिथे साठीच्या पुढची माणसं होती एकशे बत्तीस. पहिल्याच घराच्या ओट्यावर हौसाबाई बसल्या होत्या, वय सहासष्ट. रोज पहाटे पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात मासळी विकायला जाणाऱ्या बायकांमधल्या त्या सगळ्यांत जुन्या. गावातल्या बायका त्यांचं ऐकत. शेजारी त्यांची मैत्रीण गोदू जाळं सांधत होती.

"आमचे गावान तसला कोन नाय, बाय," हौसाबाई म्हणाल्या. "जा तू. दुसरीकडं बघ."

"मावशी, नुसतं तोंड बघायचंय. सुई नाही, काही नाही."

"तोंड काय बघाचा? रोज बाजारान बघतंच हान सगले."

गोदू हसली. ताई पुढच्या घराकडे वळल्या, तशी तिथली कडी आतून लागली. दोन महिन्यांनी ताई पुन्हा गेल्या, तेव्हाही तसंच. दोन्ही खेपांना मिळून अठरा जणांनी तोंड उघडलं, तेही बहुतेक पुरुष. बाकीच्या नावांपुढे ताईंनी 'नकार' लिहिलं. गोदूच्या नावापुढेही लिहिलं आणि पान उलटलं.

नंतर एका दुपारी दवाखान्यात डॉक्टर उदयसिंह यांच्या टेबलावर मी वहीजवळ पडले होते. ही पाहणी त्यांची. माणूस हुशार आणि कामाचा, पण घाईचा. त्यांनी सातही गावांचा तक्ता केला होता. हजारामागे इथे चार, तिथे सहा. खाजणपाड्यापुढे शून्य.

"छान आहे की हे गाव," ते म्हणाले. "गाडीच्या यादीतून हे काढलं तरी चालेल."

ताईंनी त्या शून्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, हे शून्य खरं नाही."

"म्हणजे? आकडे तुम्हीच दिलेत."

"मीच दिलेत. पण तुम्ही भागाकार एकशे बत्तीसनं केलाय. मी तोंडं पाहिलीत अठरा."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. 'नकार, नकार, नकार' अशा ओळी त्यांनी बोट फिरवून पाहिल्या. "याला तक्त्यात रकानाच नाही," ते हळू आवाजात म्हणाले.

"रकाना नाही म्हणून माणसं निरोगी होत नाहीत ना, सर."

ते थोडे चिडले, मग थोडे ओशाळले. गाडीची यादी पाठवायला एक महिना होता. तेवढा वेळ त्यांनी ताईंना दिला.

ताईंनी या वेळी वही पिशवीतच ठेवली. बाजार आटोपून बायका घरी येतात त्या वेळेला, दुपारी, त्या एकट्याच हौसाबाईंकडे गेल्या. पाहणीचं नाव काढलं नाही. पाणी मागितलं, बसल्या. हौसाबाई जेवत होत्या. ताटात नुसता भात आणि त्यावर पाणी. घरात कोळंबीचं कालवण होतं, त्याचा वास सगळ्या घरात भरला होता. पण त्यांनी ते वाढून घेतलं नव्हतं. आणि घास त्या फक्त उजवीकडे चावत होत्या.

"मावशी, किती दिवस झाले?" ताईंनी विचारलं.

हौसाबाईंचा हात ताटातच थांबला. त्यांनी उठून पुढचं दार लोटून घेतलं. मग खाली बसून म्हणाल्या, "आठ महिने."

"कुणाला सांगितलंत?"

"कोनाला सांगू? कमलाकर पोरगा न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतो, चार-चार दिवस घरान नाय. आनि बाजारान कलला तं?" त्यांचा आवाज बारीक झाला. "तोंडाचा रोग हाय म्हनतील. माझे हातची मासली कोन घेल? चालीस वर्सं बसतंय मी त्या जागेवर. माझीच नाय, गावाची पाटी कोन उतरवून घेनार नाय."

दारं का लागत होती, ते मला तेव्हा कळलं. त्या गावाला आजाराची भीती होतीच, पण आजाराच्या नावाची भीती त्याहून मोठी होती.

"हा रोग मासळीतून कुणाला होत नाही, मावशी. हात लावून, जवळ बसूनही होत नाही. मी बसतेच आहे ना जवळ?"

"दुखतो तवा मी मिश्रीच लावतंय त्याचेवर," हौसाबाई म्हणाल्या. "बधीर होतो मंग."

ताईंनी मला बाहेर काढलं. हौसाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, जणू फोटो काढायचा आहे, आणि तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध चिंचोक्याएवढी लाल जखम. ताईंनी मला विझवून पिशवीत ठेवलं. बोलताना त्यांचा आवाज अगदी साधा होता. "उद्या आपण पनवेलला जाऊ. मी येते बरोबर."

संध्याकाळी कमलाकर आला. आधी तो ताईंवरच भडकला. "सिस्टर, दोनदा नाय सांगितला तरी घरान घुसलात? माझे आयशीला घाबरवायला?" हौसाबाईंनी त्याला आत बोलावलं. त्यांनी त्याला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. तो बाहेर आला तेव्हा त्याला ताईंकडे बघवत नव्हतं. ओट्यावर बसून त्याने मालकाला फोन लावला आणि म्हणाला, "गाडीवर दुसरा मानूस बघा. मी महिनाभर येत नाय."

डॉक्टर उदयसिंहांनी स्वतः चिठ्ठी दिली, आणि खाजणपाडा नीट तपासून होईपर्यंत गाडीची यादी थांबवून ठेवली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गालाचा आतला भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या, मग किरणांचे डोस झाले. मी तिथे गेले नाही. पाच महिन्यांनी हौसाबाई परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा डावीकडे ओढला गेला होता, शब्द जरा घसरत होते. पण त्या आल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वेळेत आलात.

महिनाभराने त्या बाजारात जाऊन बसल्या. काही जुन्या गिऱ्हाइकांनी चेहरा पाहून वाट बदलली. काहीजणींनी विचारलं, तर हौसाबाईंनी लपवलं नाही. एक मास्तरीणबाई तेवढं ऐकून म्हणाल्या, "बरं झालं निघालं ते. आता बोंबील दाखवा." ही हकिकत हौसाबाई पुढे कितीतरी जणींना सांगायच्या, आणि प्रत्येक वेळी त्यात बोंबील वाढत जायचे.

मग एका रविवारी त्यांनी ताईंना निरोप धाडला. ओट्यावर गावातल्या पंचवीस-तीस म्हाताऱ्या बसवल्या होत्या. हौसाबाई मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "लाव बॅटरी. दाखव सगल्यांना."

ताई बिचकल्या. "मावशी, अहो..."

"लाव गो! आठ महिने मी तोंड दाबून बसलेली. बघूं दे कशाला बसलेली ती."

एकेक बाई वाकून बघत गेली. कुणी हळहळलं, कुणी तोंडावर पदर धरला. सगळ्यांचं बघून झाल्यावर हौसाबाईंनी शेजारी पाहिलं. "आता तू, गोदू."

गोदू उठून आत जाणार होती. हौसाबाईंनी तिचा हात धरला, सोडला नाही. गोदूचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना. ताईंनी मला अगदी जवळ नेलं. जिभेच्या मुळाशी, मागे खोलवर, मला जे दिसलं ते चिंचोक्याएवढं नव्हतं.

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी मिळून खाजणपाड्यात नव्व्याण्णव जणांनी तोंड उघडलं. हौसाबाई धरून तिघांना कॅन्सर निघाला, आणि सातजणांना ज्यावर नजर ठेवायला हवी असे पांढरे चट्टे. डॉक्टर उदयसिंहांनी पुन्हा तक्ता मांडला. खाजणपाडा आता सातही गावांत वर होता. त्यांनी पट्टी घेऊन तक्त्यात एक नवीन रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'तपासू न दिलेले'. तपासणीची गाडी सगळ्यांत आधी खाजणपाड्याला आली.

गोदूवर उपचार झाले, पण उशीर झाला होता. शेवटच्या दिवसांत ताई रोज तिच्याकडे जायच्या, जखम धुवायच्या. एकदा ताईंना राहवलं नाही. "गोदूमावशी, मी पहिल्या खेपेलाच हट्ट करायला हवा होता. तुमच्या नावापुढे नकार लिहिलं आणि निघून गेले."

गोदूला बोलणं जड जात होतं. तिने ताईंचं मनगट धरलं. "तू दोनदा आलेलीस, बाय. दार मीच लावला." थोडी दमली, मग म्हणाली, "तू नको रडू. माझे सुनंचा बघ. ती पन लावते मिश्री."

ताईंनी त्याच दिवशी मागच्या दारी जाऊन सुनेचं तोंड पाहिलं. स्वच्छ होतं. ते कळल्यावर गोदूने डोळे मिटून मान हलवली. आठ दिवसांनी ती गेली. २०१० चा श्रावण होता.

त्यानंतर मी आणखी सात वर्षं काम केलं. खाडीच्या खाऱ्या हवेने माझा मुलामा उडाला, बटण अडकायला लागलं, स्प्रिंगवर हिरवी पूड साचली. नव्या सिस्टर आल्या त्यांच्याकडे कपाळावर बांधायचा पांढराशुभ्र दिवा आहे. त्यापुढे माझा उजेड कंदिलासारखा वाटतो. २०१७ साली ताई निवृत्त झाल्या आणि निरोप घ्यायला खाजणपाड्याला आल्या, तेव्हा मला हौसाबाईंना देऊन टाकलं. "असू द्या तुमच्याकडे," म्हणाल्या.

हौसाबाईंनी मला हातात घेऊन पुसलं. मग एकदम विचारलं, "तुझा तोंड कोनी बघला काय गो कवा?"

ताई हसल्या, आणि मग हसता हसता थांबल्या. हजारो तोंडं पाहिली होती त्यांनी. त्यांचं कुणीच पाहिलं नव्हतं.

"बस," हौसाबाई म्हणाल्या. बटण दोनदा सरकवल्यावर मी पेटले. हौसाबाईंनी एक गाल पाहिला, दुसरा पाहिला, जीभ वर करायला लावली, अगदी शिकवल्यासारखं. "काय नाय. सगला साफ हाय," त्या म्हणाल्या आणि ताईंच्या गालावर थापटलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी जवळच होते, म्हणून मला दिसलं.

आता मी हौसाबाईंच्या खिडकीत असते. सेल घातले तरी कधी पेटते, कधी नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. एवढंच सांगायचं होतं. तुमच्या घरी साठी ओलांडलेलं कुणी असेल, ते एका बाजूने चावत असेल, तिखट टाळत असेल, विचारल्यावर "काही नाही" म्हणत असेल, तर त्यांच्याजवळ बसा. दार हवं तर लोटून घ्या. आणि माझी वाट पाहू नका. घरातली कुठलीही बॅटरी चालते, मोबाईलचीसुद्धा.