उघड्या डोळ्यांनी झोपणारा लॅपटॉप

झोप म्हणजे काय ते मला विचारा. आमच्या होडीवर सुकाणूला दाम्या नावाचा गडी होता. गोराईच्या खाडीतून होडी बाहेर काढली की हा डोळे मिटायचा, आणि झोपेतच होडी डहाणूपर्यंत नेऊन परत आणायचा. वाटेत कुणी त्याला जागं केलं तर मात्र होडी भरकटायची, म्हणून त्याच्या आसपास आम्ही शिंकतसुद्धा नसू. त्याच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेवढ्यात त्यानं एक डुलकी काढून घेतली. वऱ्हाडी मंडळींना वाटलं, नवरदेव लाजतोय.

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. दाम्याला हरवेल असा झोपाळू मी पुढे एकच पाहिला. तो म्हणजे आमच्या समोरच्या घरातला लॅपटॉप.

समोरचं घर कुंडलिकचं. कांदिवलीच्या या इमारतीत आम्ही दोघं एकाच महिन्यात राहायला आलो. तेव्हापासून त्याचा पेपर मी आधी वाचतो आणि माझी कोलंबी तो आधी खातो. गोरेगावच्या स्टुडिओत लाइटवर त्याची नोकरी झाली. मोठमोठ्या नटांच्या तोंडावर उजेड पाडला, पण स्वतः अंधारात उभा राहायची सवय काही गेली नाही. घरात बोलायचं काम चंपावहिनींचं. आणि मुलगी संघमित्रा, विज्ञान शिकलेली, शिकवण्याची भारी हौस. ज्या शाळेत ती तात्पुरती शिकवत होती तिथला वर्गच बंद झाला. मग एका ऑनलाइन शिकवणीत आठवीच्या विज्ञानाची जागा निघाली, तिथे तिचा नमुना पाठ ठरला.

त्या दिवशी सकाळी चंपावहिनींनी तिच्या डाव्या मनगटात एक कडं चढवलं. बोरिवलीच्या प्रदर्शनातून त्यांनी कड्यांची जोडी आणली होती, सांध्यांसाठी. एक स्वतःच्या हातात, दुसरं आता लेकीच्या.

कुंडलिक तडकला. "अगं, आपल्या घरात मनगटाला दोरा बांधत नाहीत. आपण गंडेदोरे सोडले ना?"

"दोरा आहे का हा? लोहचुंबक आहे. सायन्स आहे! तुमची लेक हेच शिकवते पोरांना."

"त्यानं नोकरी मिळते?"

"रक्त चांगलं फिरतं. रक्त फिरलं की डोकं चालतं. डोकं चाललं की नोकरी मिळते. बोला आता."

कुंडलिकनं पेपर तोंडासमोर धरला. सायन्सपुढे त्याचं काही चालत नाही. संघमित्रानं आईचं मन मोडायचं नाही म्हणून कडं राहू दिलं आणि पाठाला बसली. जरा वेळानं लॅपटॉपचा पडदा काळा. बटण दाबून जागा केला, पुन्हा काळा. तिसऱ्या वेळी तर वाक्य अर्ध्यावर असतानाच झोपला, मेला.

परीक्षक होत्या जान्हवी मॅडम. त्यांचा दुपारी फोन आला. बाई चांगल्या असाव्यात. म्हणाल्या, "तुम्ही जेवढ्या दिसलात तेवढ्या आवडलात. शनिवारी अकराला परत घेऊ. पण या वेळी गायब झालात तर मात्र मला दुसऱ्या कुणाचं नाव द्यावं लागेल."

शनिवारपर्यंत मग त्या घरात दुसरा विषय नाही.

संघमित्रानं सेटिंग उघडून स्लीपपुढे 'नेव्हर' लावलं. त्याला 'कधीच झोपू नको' असं लेखी बजावलं म्हणा ना. तरी झोपला. अपडेट टाकले. चार्जर बदलला. बंद करून चालू केला, चालू करून बंद केला. ती लिहायला बसली की हा पेंगलाच. आणि झोप तरी कशी, साथीच्या रोगासारखी! लॅपटॉप झोपला की वरचा पंखा मंदावायचा, भिंतीवरची पाल जागच्या जागी कलंडायची, आणि खाली गेटवरचा वॉचमन... त्याचं सोडा, तो आधीपासूनच झोपलेला असायचा.

"काका, तुम्हाला गंमत वाटते," संघमित्रा म्हणाली. "माझी वाट लागलीय इथे."

"अगं, गंमत कसली? अशी झोप समुद्रात असते. एकदा आमच्या जाळ्यात एक सुरमई आली. झोपलेली. बाजारात विकली, तरी झोपलेली. गिऱ्हाइकानं घरी नेऊन हळद-मीठ लावलं तेव्हा कुठे जागी झाली, आणि म्हणाली..."

"भावजी!" स्वयंपाकघरातून आवाज आला. "ती सुरमई काय म्हणाली ते मागच्या खेपेला वेगळं होतं."

अशा घरात माणसानं गोष्ट सांगायची कशी?

शेवटी लॅपटॉप बोरिवलीला प्रितमच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. प्रितमनं दिवसभर ठेवून घेतला, त्यावर आख्खी मॅच पाहिली आणि संध्याकाळी परत देताना म्हणाला, "ताई, हा काही झोपत नाही. मॅच बघताना मीच दोनदा झोपलो."

घरी आणला. संघमित्रा बसली. चार ओळी लिहून होताहेत तोवर पडदा काळा.

ती उठली. लॅपटॉप तसाच ठेवून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. मला ते बरं वाटलं नाही. ही पोरगी भांडते तेव्हा ठीक असते.

"हा माझ्यावरच रुसलाय, पप्पा," तिकडूनच म्हणाली. "दुकानात जागा राहतो. मी हात लावला की झोपतो. उद्या शनिवार. मॅडमना सांगून टाकते, नाही जमणार."

"थांब की," कुंडलिक म्हणाला. "मी बघतो जरा बसून."

त्याला लॅपटॉपमधलं काही कळत नाही. पण लेकीसाठी काहीतरी करायचं म्हणून बसला, आणि एका बोटानं सोसायटीला लिफ्टबद्दल तक्रार लिहायला लागला. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, मग चष्मा वर करून ते उमटलं का ते बघायचं. त्या वेगानं लिहिताना कुणीही झोपेल. पण लॅपटॉप टक्क जागा! पोहे झाले, खाऊन झाले, चहा झाला, तक्रार लिफ्टवरून पार्किंगवर गेली, तरी हा जागाच.

"आता का नाही झोपत?" संघमित्रा आत येऊन म्हणाली. तिचे डोळे बारीक झाले होते.

"माझा धाक आहे," कुंडलिक म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला असं काही म्हणायला मिळालं असेल.

"बघू, काय एवढं लिहिलंय," म्हणत चंपावहिनी आल्या, डावा हात लॅपटॉपच्या कोपऱ्यावर टेकून वाचायला वाकल्या, आणि पडदा काळा.

"लावलास हात! झाली ना वाट!" कुंडलिक म्हणाला.

"मी काय केलं? नुसता हात ठेवला."

मी म्हटलं, "वहिनी, हा बायामाणसांच्या हाताला लाजतो. आमचा दाम्यासुद्धा..."

"काका, एक मिनिट गप्प बसा ना." संघमित्रा आईच्या हाताकडे बघत होती. मग स्वतःच्या. "मम्मी, पप्पांच्या हातात नाही आणि आपल्या दोघींच्या हातात आहे, असं काय आहे?"

"बांगड्या?"

"मी कुठे घालते बांगड्या?"

तिनं मनगटातलं कडं काढलं. लॅपटॉप जागा केला. मग ते कडं हळूहळू कडेनं सरकवत नेलं, उजवीकडून डावीकडे, डॉक्टर पोटाला स्टेथोस्कोप लावतात तसं. डाव्या कोपऱ्यावर आलं मात्र, पडदा काळा. काढलं, बटण दाबलं, जागा. ठेवलं, झोपला. काढलं, जागा. आम्ही तिघं बिनतिकिटाचा खेळ बघावा तसे बघत उभे.

"झाकण!" ती ओरडली. "झाकणाच्या कडेत चुंबक असतं, पप्पा. झाकण मिटलं की ते या कोपऱ्यावर येतं, खालच्या सेन्सरला कळतं, आणि लॅपटॉप झोपतो. सेन्सरला काय दिसतंय? चुंबक जवळ आलं म्हणजे झाकण मिटलं, एवढंच त्याला ठाऊक. मी 'नेव्हर' लावलं ते नुसतं बसून राहिला तर झोपू नको म्हणून. झाकण मिटलं तर काय करायचं ते वेगळं असतं, तिकडे मी बघितलंच नाही. झाकण उघडं होतं ना!"

मी आयुष्यात पुष्कळ थापाडे पाहिले. पण डोळे सताड उघडे ठेवून मिटलेत असं सांगणारा आणि वर त्यावर स्वतः विश्वास ठेवणारा, हा पहिलाच. मला त्याचा हेवा वाटला.

चंपावहिनींचा चेहरा मात्र फुलला होता. "बघितलंत? ताकद आहे म्हणत होते मी."

"आहे, आहे," कुंडलिक म्हणाला. "सांधे थांबले दुखायचे?"

"सांध्यांचं नंतर बघू."

मी म्हटलं, "मला पहिल्या दिवशीच संशय आला होता."

यावर तिघांनीही माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी चहाचा कप घेऊन घरी गेलो. कप त्यांचाच होता.

शनिवारी अकराच्या आधीच मी हजर. संघमित्रा हॉलमध्ये टेबलाशी, दोन्ही हात मोकळे. कुंडलिक स्विचबोर्डाला पाठ लावून उभा, कुणी बटणाला हात लावेल म्हणून. मी आणि चंपावहिनी स्वयंपाकघराच्या दारात, कॅमेऱ्याबाहेर.

पडद्यावर जान्हवी मॅडम आल्या. शेजारच्या चौकटीत एक नवीन गृहस्थ, विपुल सर. चेहऱ्यावरून वाटत होतं, हे सकाळी आरशालाही कागदपत्रं मागत असतील.

"मागच्या वेळी काय झालं होतं?" त्यांनी आल्या आल्या विचारलं. "नेटवर्क?"

मी दारातून जोरजोरात मान हलवली. हो म्हण, नेटवर्क म्हण! एवढं आयतं खोटं ताटात वाढून मिळत नाही. मी हवेत वायफायच्या रेघासुद्धा काढून दाखवल्या.

संघमित्रानं माझ्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे.

"नाही सर. माझ्या हातातल्या कड्यामुळे."

मी डोळ्यांवर हात घेतला.

"कड्यामुळे," सर म्हणाले. "लाइट गेली, शेजारी ड्रिलिंग चाललंय, मांजर की-बोर्डवर बसली, सगळं ऐकलंय मी. कडं पहिल्यांदाच."

"सर, मग आजचा पाठ त्याचाच घेऊ का?"

जान्हवी मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर प्रकाशाचं अपवर्तन तयार केलं होतं ना?"

"ते पुढच्या तासाला घेते. आता मी थोड्या वेळासाठी गायब होणार आहे. मी परत येईपर्यंत तुम्ही दोघांनी विचार करायचा, की झाकण उघडं असताना लॅपटॉपला ते मिटल्यासारखं का वाटलं? मम्मी, तुझं कडं दे."

चंपावहिनींनी कडं काढून माझ्या हातात दिलं, मी कुंडलिकच्या, कुंडलिकनं तिच्या. गायब झालात तर दुसरं नाव, असं त्या बाई स्वच्छ म्हणाल्या होत्या. आणि ही आपल्या हातानं गायब व्हायला निघालेली.

कडं कोपऱ्यावर. पडदा काळा.

तिनं ते उचललं, बटण दाबलं. पडदा उजळला, पण मधोमध ते गोल फिरणारं चक्र. फिरतंय, फिरतंय. मी वादळात सापडलोय, एकदा देवमाशाच्या पाठीवर नांगर टाकून रात्रभर झोपलोय, पण त्या चक्राइतका वेळ मी कशाचीच वाट पाहिलेली नाही. तेवढ्या वेळात शेजारच्या बांधकामावर दोन स्लॅब भरून झाले असतील. कुंडलिक पुटपुटला, "नेटवर्क म्हणाली असती तर..."

"पप्पा, श्श."

चौकटी परत आल्या तेव्हा आत वाद पेटला होता. मॅडम म्हणत होत्या चुंबक, सर म्हणत होते नाटक.

"तुम्ही हातानं बंद केलात," सर म्हणाले.

"सर, तुमच्याजवळ एखादं चुंबक आहे का? फोनच्या कव्हरला असेल. खटकन मिटतं ते."

"आहे. मग?"

"लॅपटॉपच्या कडेनं सरकवून बघा. तुमचा सेन्सर कुठे आहे मला ठाऊक नाही. तुम्हीच शोधा."

सरांनी फोन उचलला. चेहऱ्यावर असा भाव, की आता या मुलीचं पितळ उघडं पाडतो. हात डावीकडे गेला. काही नाही. उजवीकडे आला, आणि सर गायब.

जान्हवी मॅडम आधी तोंडावर हात ठेवून हसल्या, मग हात काढून हसल्या. "येतील ते. तोवर तुम्ही पुढे सांगा. सेन्सरला चुंबक नेमकं कळतं कसं?"

आणि संघमित्रानं सांगितलं. मी शाळेत बसलेला माणूस नाही, पण त्या दिवशी दाराला टेकून शेवटपर्यंत ऐकलं आणि मध्ये एकदाही माझी गोष्ट घुसवली नाही. सर मधेच परत आले, केस सारखे करत, आणि त्यांनी चक्क दोन शंका विचारल्या. आठवीतल्या पोरासारख्या.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "माझं तर ठरलंय. सर?"

"बॅच विचारा त्यांना," सर म्हणाले. जास्त बोलायची त्यांची पद्धत नसावी.

"सकाळची हवी की संध्याकाळची?"

संघमित्रानं वळून आमच्याकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे कुंडलिक चष्मा पुसत होता.

"संध्याकाळची घे गं," दारातून चंपावहिनी खणखणीत म्हणाल्या, "सकाळी पाणी येतं!"

तिकडे दोघांनीही ऐकलं. मॅडमनी हसत मान खाली घातली आणि काहीतरी लिहून घेतलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग सोमवारपासून, संध्याकाळची."