चार तलंगा, दिवसाउजेडी

रविवारी सकाळी सात वाजता क्षमाने डालग्याचं झाकण काढलं आणि चारही तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या, खुराड्यात सोडल्या. बाहेर येऊन कडी लावली, गाऊनला हात पुसले आणि ती जाळीला लागून उभी राहिली.

"काळोख पडल्यावर घाल म्हणान सांगितलंय," दशरथकाका पायरीवरून म्हणाले. त्यांच्या हातात चहाचा ग्लास होता. "दांडीवर नेऊन बसवची. सकाळी उठल्यावर जुन्यांक वाटता, ही आपलीच."

"माझी पोरं चोरासारखी का जातील, काका? दिवसाउजेडी जातील."

"जाऊंदेत. जुन्यांचो पण नाश्तो व्हायचो आसा."

मरोळच्या औद्योगिक वसाहतीची भिंत आणि चाळीची मागची बाजू यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे तीन घरांच्या कोंबड्या एकाच खुराड्यात नांदत. जाळी बंद पडलेल्या कारखान्याची, वरचा पत्रा रुक्मिणीमावशींचा, ठोकाठोक दशरथकाकांची. कुठली कोंबडी कोणाची, ते पायातल्या दोऱ्याच्या रंगावरून कळे. नव्या चौघींच्या पायांत क्षमाचा निळा दोरा होता. रुक्मिणीमावशींची खुडूक कोंबडी या अंड्यांवरून अर्ध्यातच उठली होती. टाकून द्यायला काढलेली ती अंडी क्षमाच्या मुलीने, जान्हवीने, स्वयंपाकघरात खोक्यात बल्बखाली उबवली. पिल्लं तिथेच ओट्याखाली मोठी झाली. त्यांनी आजवर दुसरी कोंबडी पाहिलेली नव्हती.

भांडण आदल्या संध्याकाळचं होतं. सोमवारी शाळा उघडणार, काकांच्या नातवाला, देवेशला, जुने बूट होतात की नवे घ्यायचे, एवढ्यावरून विषय निघाला आणि नेहमीसारखा जान्हवीवर आला. जान्हवी अकरा वर्षांची. गेल्या वर्षी क्षमाने तिला अंधेरीच्या एका इंग्रजी शाळेतून काढलं, तेव्हापासून ती घरीच शिकत होती. कारण चाळीत सगळ्यांना माहीत होतं. ती वर्गात शिरली की मागच्या बाकांवरून 'पक-पक-पकाक' सुरू व्हायचं. क्षमा भेटायला गेली तेव्हा वर्गशिक्षिका हसून म्हणाल्या, मुलं आहेत, गंमत करतात, तुम्ही युनिफॉर्म जरा कोंबड्यांपासून लांब वाळत घालत जा. क्षमाने त्याच पावली वर्गात जाऊन मुलीचं दप्तर उचललं. ती स्वतः बीएस्सी, आठवी-नववीच्या शिकवण्या घेणारी. एका मुलीला शिकवणं तिला जड नव्हतं. वर्षभरात जान्हवीचे दशांश अपूर्णांक पक्के झाले होते, आणि मेणबत्तीसमोर अंडं धरून आतलं पिल्लू जिवंत आहे की नाही, हे ती सांगू शकत होती.

"शाळेत काय शिकवतात ते मी बघितलंय," क्षमा शनिवारी म्हणाली होती. "रांगेत उभं राहायला."

"मगे? रांगेत उभ्या रवाक येणा नाय, त्याका रेशन तरी गावतला?"

"माझी मुलगी रेशनच्या रांगेत उभी राहणार नाही."

"अगं बाई! डायरेक्ट कलेक्टर का?" रुक्मिणीमावशी तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या. "मग आमच्या पत्र्याचं तेवढं बघ हां, गळतोय."

काका हसले नाहीत. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याच्या वर्कशॉपात वॉचमनकी करून त्यांनी मुलाला पालिकेच्या शाळेत शिकवलं होतं, आता नातू तिथेच सहावीत होता. त्या शाळेला कोणी नावं ठेवली की त्यांना ते घरावर आल्यासारखं वाटे.

"एकटा वाढलेला पिल्लू कळपात टिकणा नाय," ते म्हणाले. "ता कोंबीचा असूंदे, नायतर बाईचा."

"ठीक. उद्या माझ्या चौघींना आत घालते. एकट्याच वाढल्यात ना? सोमवारी सकाळपर्यंत त्यातली एक जरी बाहेर काढावी लागली, तर जान्हवीला देवेशच्या शाळेत घालीन. आणि टिकल्या, तर हा विषय या पायरीवर परत काढायचा नाही."

"बघ हां. शब्द दिलंस."

"दिला."

जान्हवी तेव्हा दारात बसून लसूण सोलत होती. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

खुराड्यात पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. तलंगा एकमेकींना चिकटून पाण्याच्या भांड्यामागे उभ्या राहिल्या. मग रुक्मिणीमावशींची जुनी काळी कोंबडी दाणे टिपायची थांबली. तिला सगळे मुकादमीण म्हणत. ती मान ताठ करून चालत आली, चौघींना बघितलं आणि पहिलीच्या डोक्यात टोच मारली. तिघी पळाल्या, कोपरे धरून बसल्या, मुकादमीण आली की वाकू लागल्या. चौथी वाकेना. तिच्या पिसांवर कवड्यांसारखे ठिपके होते, म्हणून जान्हवीने तिचं नाव कवडी ठेवलेलं. तिने उलट चोच मारली.

"आता वाट लागली," तोवर बाहेर आलेल्या मावशी पुटपुटल्या. "ए मेले, हो ना बाजूला!"

कवडी बाजूला झाली नाही. मुकादमिणीच्या मागून आणखी दोघी आल्या. पिसं उडाली. कवडीच्या मानेवर लाल दिसलं, आणि लाल दिसल्याबरोबर बाकीच्याही धावल्या.

क्षमाच्या बोटांनी जाळी इतकी आवळली होती की तारांचे वळ उठले.

"काढ गो तिका," दशरथकाका उठून जवळ आले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "मरात ती. शर्त गेली खड्ड्यात."

"शर्त खड्ड्यात जाणार नाही. दिलेला शब्द मी पाळीन," क्षमा म्हणाली आणि तिने कडीला हात घातला.

"आई, काढू नको."

जान्हवी मोरीतून तोंड धुऊन आली होती. तोंडावर पाणी तसंच होतं.

"मरेल ती, जान्हवी."

"काढलीस तर परत घालताना पहिल्यापासून मारतील. आणखी जास्त मारतील."

क्षमाने काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. "खरा सांगता चेडू."

"तिला काढली तर मी शर्त हरते," क्षमा मुलीला हळू म्हणाली. "मग तू उद्या शाळेत जातेस. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग?"

"तिला काढून मला नाही जायचं."

एवढं बोलून ती रुक्मिणीमावशींच्या शेगडीपाशी गेली. विझलेल्या कोळशाचा तुकडा तिने दगडाने ठेचला, मावशींच्या बाटलीतलं खोबरेल तेल त्यात ओतलं, आणि काळा लगदा तळहातावर घेऊन वाकून खुराड्यात शिरली. लाल झाकलं की टोचणं कमी होतं, हे तिला काकांनीच कधीतरी सांगितलं होतं. तिने कवडीला उचललं नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये धरून जमिनीवरच तिच्या मानेला काळं फासलं. मुकादमिणीने तिच्या मनगटावर टोच मारली. जान्हवीने हात मागे घेतला नाही. "हो बाजूला," ती म्हणाली, आणि मुकादमीण दोन पावलं मागे गेली. दोनच.

"त्या दिवशी तू मला काढलंस ना," पाठ तशीच आईकडे ठेवून ती म्हणाली, "मी दुसऱ्या दिवशी बांग देणार होते."

"काय?"

"वर्गात. त्यांनी पक-पक केलं की बाकावर उभी राहून बांग देणार होते. पूर्ण, कोंबड्यासारखी. मोरीत नळ सोडून प्रॅक्टिस केली होती मी."

क्षमाला तो नळ आठवला. दोन दिवस सारखी बादली भरून वाहत होती आणि ती बाहेरून ओरडली होती, पाणी काय तुझ्या बापाचं आहे का.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस. दप्तरच उचललंस."

दशरथकाकांनी ग्लासातला उरलेला गार चहा भिंतीकडेला ओतला. रुक्मिणीमावशींना शांतता सोसत नसे.

"अगं, मग आता दे की! ऐकू दे आम्हाला. आमचा कोंबडा आळशी, त्यालाही शिकव जरा."

जान्हवी खुराड्यातून बाहेर आली, कडी स्वतः लावली आणि काळा हात फ्रॉकला लागणार नाही असा लांब धरला.

"इथे नाही," ती म्हणाली.

दुपारी क्षमाने शिकवणीच्या मुलांना, उद्या नाही, असे निरोप धाडले. कारण दिलं नाही. रात्रपाळी करून झोपलेला तिचा नवरा उठला, तेव्हा त्यालाही तिने एवढंच सांगितलं की तलंगा आत घातल्या आहेत आणि अजून आतच आहेत.

दिवेलागणीला क्षमा, काका आणि मावशी पुन्हा जाळीपाशी जमले. तीन तलंगा दांडीच्या पार टोकाला, इतरांपासून हातभर अंतर ठेवून बसल्या होत्या. कवडी खाली पाण्याच्या भांड्याजवळ उभी होती. मान काळी, एक डोळा अर्धवट मिटलेला. मुकादमीण वरून बघत होती. कवडी दाणे टिपत होती.

"आता काळोख झालो," काका म्हणाले. "उचलून दांडीवर बसवलंस तरी चालात. मी काय बोलणार नाय."

"नको. तिची ती चढेल."

"शर्त?"

"सकाळपर्यंत आहे ना."

काका जायला वळले आणि थांबले. "देवेस सकाळी साडेसहाक निघता," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "असाच सांगितलंय."

क्षमाने खुराड्याची कडी हलवून बघितली.

चाळीत संध्याकाळचं पाणी आलं. घरात मोरीचं दार लागल्याचा आणि मग नळ पुरा सोडल्याचा आवाज आला. क्षमा आत गेली. थोड्या वेळाने बादली भरली, काठावरून पाणी वाहू लागलं, दाराखालून एक धार बाहेर आली. ती दाराशी जाऊन उभी राहिली. नळ बंद कर, असं ती या वेळी म्हणाली नाही.

कवडी तोवर दांडीवर चढलेली नव्हती.