थापाड्याची एक खरी गोष्ट

म्हाताऱ्याने दोन्ही अंगठे गिऱ्हाइकाच्या मानेच्या खळगीत रोवले आणि थाप सुरू केली. थापा मारल्याशिवाय या न्हाव्याचे हात चालतच नसत. एकदा म्हणे त्याने सिंहाची दाढी केली होती. सिंहाने आरशात बघून "कल्ले जरा बारीक करा" असंही सांगितलं होतं.

"शिंपीदादा, शाम्पू म्हणजे मुळात बाटली नव्हेच. शाम्पू म्हणजे आपली चंपी. बोटीनं आलेले गोरे साहेब डोकं चेपून घ्यायचे, जाताना शब्दही उचलून घेऊन गेले. साबण त्यात मागाहून शिरला."

"सिंहानं सांगितलं वाटतं?" शिंपी डोळे मिटूनच हसला.

म्हाताऱ्याचा मुलगा भिंतीला टेप लावून माप घेत होता.

"अण्णा, पिडू नका हो त्यांना. उद्या कारागीर येतायत. तुमच्या खुर्चीच्या जागी डोकं धुवायचं बेसिन बसवायचंय."

"आणि मी?"

"तुम्ही आता आराम करा की!"

अंगठे थांबले. मग पुन्हा फिरू लागले, जरा जोरातच.

"बाकीचं सोड, पण हे खरंय रे. चंपीवर तर उभं राहिलं हे दुकान."

शिंप्याने गंमत म्हणून मोबाइल काढून 'शाम्पू' शब्द शोधला. वाचता वाचता त्याचं हसू ओसरलं.

"अरेच्चा! म्हातारा चक्क खरं बोलतोय."

मुलाने मोबाइल हिसकावूनच घेतला, दोनदा वाचलं आणि बापाकडे टक लावून पाहिलं. म्हाताऱ्याने हात पुसले आणि खुर्चीच्या पाठीवर पंजा ठेवून तो ताठ उभा राहिला.

बेसिन बसलं ते बसलंच. दुकानाच्या काचेवर ठसठशीत अक्षरं आली : 'शाम्पू म्हणजे चंपी! अस्सल जुनी पद्धत.' आत रबरी बोटांचं एक यंत्र गिऱ्हाइकांच्या डोक्यावर गुरगुरू लागलं. खुर्ची दाराबाहेर गेली, ताटकळणाऱ्यांसाठी. बहुतेक वेळा तीत म्हातारा बसलेला असे.

एका नव्या गिऱ्हाइकाने काच वाचली.

"आजोबा, खरं का हो हे?"

"सांगा ना अण्णा त्यांना!" मुलगा आतून कौतुकाने ओरडला.

"छे हो, जाहिरात ती," म्हातारा म्हणाला. "शाम्पू नावाचा एक न्हावी होता. हाताला गुण होता त्याच्या. पोरानं त्याला बाटलीत भरला, बूच लावलं आणि फळीवर ठेवून दिला. डोळ्यात गेला की झोंबतो ना, तो त्यामुळेच."