खिडकीतून दिलेलं मत

"सकाळी त्याच्या घरातून धूर दिसला नाही, तर वाट बघत बसू नकोस. सरळ दार ढकल," असं डॉर्कस लूमिस म्हणाली, तेव्हा अल्मायरा हसली होती.

डॉर्कस आपल्या भाचीकडे आयोवाला कायमची निघाली होती. ट्रंका गाडीत चढल्या होत्या. मागे तिचा म्हातारा भाऊ ॲम्ब्रोज एकटाच राहणार होता.

"मरेल, पण हाक मारणार नाही तो."

"कोर्टात तीन-तीन तास गर्जणारा माणूस! तो हाक मारायला लाजेल होय?"

"दुसऱ्याच्या वतीने गर्जतो गं," डॉर्कस म्हणाली. "स्वतःसाठी त्याला आवाजच नाही."

अल्मायराने मान डोलावली आणि ते कानाआड केलं. तिला आपल्या काळज्या काय थोड्या होत्या? तिची लेक लोटी जेमतेम उभी राहायला लागलेली, त्यात थंडी पडली की तिची छाती भरायची आणि खोकला कुत्र्याच्या भुंकण्यासारखा यायचा. कॉलेजात अल्मायरा ग्रीक आणि भूमिती शिकली होती. आता सारी विद्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघण्यात खर्ची पडत होती. शेजारच्या धुराड्याकडे कोण बघतो?

ॲम्ब्रोज लूमिस हा बेल्स फोर्डचा सगळ्यात जुना वकील. अल्मायराचा नवरा ऑरिन त्याच्याच कचेरीत घडला. आधी तिथे झाडू मारला, मग दस्तांच्या नकला उतरवल्या, आणि उरल्या वेळात कायद्याची पुस्तकं वाचून वकील झाला. आणि त्या वर्षी दोन पक्षांनी नेमकं या दोघांनाच राज्याच्या विधिमंडळासाठी एकमेकांसमोर उभं केलं. गावाला फुकटचा तमाशा मिळाला. चौकातल्या सभेत दोघं एकमेकांची सालटी काढायचे, आणि अंधार पडायच्या आत अल्मायराच्या टेबलाशी बसून डुकराचं खारवलेलं मांस नि मक्याचा पाव खायचे.

"तुझ्या नवऱ्याने आज मला जीर्ण झालेलं कुंपण म्हटलं," म्हातारा तक्रार करायचा.

"साहेब, तुम्ही मला कालचं कोकरू म्हणालात."

"ते खरं होतं. पाव इकडे दे."

निवडणूक आली ती ऑक्टोबरात. त्या भागात एक जुनी रीत होती. उमेदवाराने स्वतःला मत द्यायचं नाही, प्रतिस्पर्ध्याला द्यायचं. तेही लपून नव्हे. चौकातल्या कोर्टाच्या खालच्या खिडकीत निवडणुकीचे पंच पेटी घेऊन बसत, आणि लोक बाहेरून चिठ्ठी आत देत. लूमिसच्या पक्षाची चिठ्ठी निळी, ऑरिनच्या पक्षाची पिवळी. कोणी कुणाला मत दिलं ते रस्त्यापलीकडच्या कुत्र्यालाही कळावं. ही रीत जो पाळणार नाही, त्याला त्या गावात पुन्हा कुणी वाकून नमस्कार केला नसता.

त्या सकाळी अल्मायराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून लूमिसचं धुराडं दिसलं. धूर नव्हता. 'आज मतदान, हॉटेलात कॉफी घ्यायला गेले असतील,' असं तिच्या मनात आलं. तेवढ्यात लोटी येणाऱ्या दातांमुळे किरकिरायला लागली आणि तो विचार तिथेच राहिला.

दुपारी ऑरिन जेवायला आला तो तोंड पाडून.

"काय झालं? हरताय का?"

"अगं, त्याचं काही नाही. मी खिडकी उघडल्या उघडल्या निळी चिठ्ठी देऊन आलो. साहेब अजून फिरकलेच नाहीत." त्याने काटा उचलला नि परत ठेवला. "हायरम खोगीरवाला चौकात ओरडतोय, 'म्हातारं चलाख निघालं! चेल्याचं मत खिशात घातलं आणि आपलं घरी ठेवलं!' लोक हसतात. आणि खरं सांगू? मलाही क्षणभर तसंच वाटलं."

अल्मायराच्या हातातला चमचा लोटीच्या तोंडाशी थांबला.

"अहो, आज त्यांच्याकडे धूर नव्हता."

एरवी ती पोरीला नवऱ्याच्या हाती देताना दहा सूचना द्यायची. त्या दिवशी तिने लोटीला त्याच्या मांडीवर जवळजवळ टाकलंच आणि धावत सुटली.

लूमिसचं घर जेब लोहाराच्या भट्टीमागे. तिने दार ढकललं. म्हातारा गार पडलेल्या चुलीजवळ जमिनीवर आडवा होता, अंगावर कोट ओढून घेतलेला, भोवती लाकडं विखुरलेली. आदल्या संध्याकाळी लाकडं आणताना पाय घसरला होता. ओठ निळे पडले होते, पण जीभ शाबूत होती.

"आधी दार वाजवायचं असतं, पोरी."

"गप्प बसा! हाक का नाही मारलीत? जेब भिंतीपलीकडेच तर आहे!"

"घोड्याला नाल ठोकत होता तो. कामात कशाला व्यत्यय..." मग एकदम केविलवाण्या आवाजात, "खिडकी बंद झाली का गं?"

तिने जेबला हाका मारून बोलावलं. त्याने म्हाताऱ्याला कॉटवर ठेवलं, चूल पेटवली आणि डॉक्टर प्रिंगलला घेऊन आला. डॉक्टरने मोडलेल्या मांडीला फळ्या बांधल्या आणि तंबी दिली, "आता इथून जरासुद्धा हलायचं नाही."

"मत देऊन आलो, की वसंतापर्यंत हलत नाही."

"वकीलसाहेब, पाय वाकडा जुळेल! कदाचित त्याहून वाईट होईल."

"पायाचं मी बघतो. बाहेर काय बोलतायत?"

जेब आपल्या बुटांकडे बघत राहिला. म्हाताऱ्याला तेवढं पुरे होतं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मिसेस स्टोडार्ड," डॉक्टर अल्मायराला म्हणाला, "तुमचं ऐकतील. जरा समजवा."

गावात भित्री म्हणून तिचीच ख्याती. पोरीला वारं लागेल म्हणून खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबणारी बाई ती! तिने म्हाताऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. हा माणूस लंगडत जगेल, तिला वाटलं. पण खोटा ठरून जगायचं झालं, तर उद्यापासून हा जेवणारही नाही.

"जेब," ती म्हणाली, "गाडी जोड. मी पिसांची गादी आणते."

डॉक्टरने हात टेकले. मग शिव्या घालतच तोही गाडीत चढला आणि त्याने पाय धरून ठेवला.

जेबने घोडं पावलापावलाने चालवलं. अल्मायरा चाकाबरोबर चालत होती आणि प्रत्येक खड्ड्याआधी जेबला लगाम ओढायला सांगत होती. चौकात हायरम होताच.

"वकीलसाहेब, आता झोपून प्रचार काय?" तो ओरडला. मग त्याला फळ्या दिसल्या. त्याने टोपी काढली आणि खाली बघत बाजूला झाला.

गाडी खिडकीला लागली. आतून पंच सायलसने नियमाप्रमाणे विचारलं, "नाव?"

"तुझं मृत्युपत्र मी लिहिलंय, सायलस! ॲम्ब्रोज लूमिस." आणि त्याने हात उंच केला. पिवळी चिठ्ठी साऱ्या चौकाला दिसेपर्यंत त्याने ती तशीच धरली, मग आत दिली.

पलीकडे ऑरिन लोटीला खांद्यावर घेऊन उभा होता. तो गाडीजवळ आला आणि बाहीने डोळे पुसू लागला.

"रडू नकोस, मतदार बघतायत," म्हातारा पुटपुटला. "आणि पोरीला नीट धर. अशी धरतात?"

ऑरिन निवडून आला, तोही चांगल्या फरकाने. त्या एका मतावाचून काही अडलं नसतं. म्हाताऱ्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "कोणी विचारलंय?" आणि शांत झोपी गेला.

पाय मात्र आखूड जुळला आणि कुबडी आली. जानेवारीत ऑरिनला राजधानीला, कोलंबसला, जावं लागलं. लोटीच्या छातीचं दुखणं बघता अल्मायराला मागे एकटं राहवेना, म्हणून तीही निघाली. तिने म्हाताऱ्याला बरोबर चला म्हणून गळ घातली. "हरलेल्या उमेदवाराचं राजधानीत काय काम?" एवढंच तो म्हणाला. जेब लाकडं आणून देतो, जेबची बायको पाव देते. पण दोघं भोळी आहेत. दाराआडून "मजेत आहे" असं ऐकू आलं, की खरं मानून परततात. कोलंबसच्या भाड्याच्या खोलीत अल्मायरा पोरीचा श्वास बघते, आणि मग तिला त्या दुसऱ्या घराची आठवण येते. तिथलं बघायला तिचा हात पोचत नाही.

तेव्हा या वसंतात कोर्टाच्या तारखेला म्हणा, घोडं विकायला म्हणा, तुमचं बेल्स फोर्डला येणं झालं, तर लोहाराच्या मागच्या घरी जा. आतून "मजेत आहे" असं ऐकू येईल. त्यावर जाऊ नका. आत जा, जरा वेळ बसा, त्याला वाद घालू द्या. पाहुण्याची चाहूल लागली, की तो कुबडी दाराआड लपवतो. ती काढून त्याच्या हाताशी ठेवा, आणि मगच निघा.