पाहुण्यांच्या दारातले अप्पा

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. बाहेरच्या खोलीतल्या फळीवर, घड्याळाशेजारी माझी जागा आहे. माझा हिरवा दिवा तुम्हाला प्रसन्न वाटेल. मला मात्र त्या दिव्याचीच लाज वाटते.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात होतो. बाहेरून एकच तार माझ्यात येते. तिच्यातून आलेला प्रत्येक निरोप ज्याचा त्याच्याच हाती पोचवणे, हे माझे काम. सूनबाईंचे पत्र कधी टीव्हीकडे गेले नाही, की टीव्हीवरचा सिनेमा प्रिंटरच्या गळ्यात पडला नाही. "गडी पत्ता चुकत नाही हं!" असे म्हणत अप्पा बारीक कुंचल्याने माझ्या फटींतली धूळ काढत. अप्पा म्हणजे घरातले आजोबा. त्यांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली.

मला दोन दारे आहेत. 'घर' या दाराने येणाऱ्याला घरातली सगळी यंत्रे भेटतात. 'पाहुणे' या दाराने येणाऱ्याला बाहेरचे जग दिसते, पण घरातला प्रिंटर दिसत नाही. एकदा बक्षिसाच्या आमिषाने अप्पांनी फोनवर भलत्याच ठिकाणी बोट ठेवले. त्यांचा मुलगा वैतागला आणि घरातल्या यंत्रांना धोका नको म्हणून त्याने त्यांचा फोन गुपचूप पाहुण्यांच्या दाराला जोडून टाकला. अप्पांना सांगायचे मात्र राहून गेले. मी हुकमाचा ताबेदार. घरचे दार लावून घेतले.

पुढे शाळेच्या मनोऱ्यावरचे बंद घड्याळ दुरुस्त करण्याचे काम अप्पांकडे आले. किती वर्षांनी कुणीतरी त्यांच्या हातांची आठवण काढली होती! घड्याळाची आकृती फोनवर आली, पण अधू दृष्टीला ती कागदावर मोठी हवी होती. प्रिंटर हाताच्या अंतरावर होता. अप्पा निरोप धाडत, आणि मी तो परतवून लावी.

"प्रिंटर लेकाचा रुसलाय वाटतं," अप्पा म्हणाले.

"तुमचंच काहीतरी चुकत असेल, अप्पा," मुलगा मान वर न करता म्हणाला.

"असेल बाबा. आता हे काम नकोच. कळवून टाकतो शाळेला."

माझा दिवा तेव्हाही निर्लज्जपणे हिरवाच होता.

शाळेचा क्रमांक शोधण्यासाठी अप्पांनी घड्याळजीचे भिंग डोळ्याला लावले, आणि फोन जवळ धरताच ते थबकले.

"अरे, इथे वर 'पाहुणे' असं लिहिलंय. तुझ्या फोनवर काय लिहिलंय रे?"

मुलाने आपला फोन पालथा ठेवला. "घर," तो कसाबसा म्हणाला.

"अस्सं! मग पाहुण्याला चहा तरी विचारायचास."

सूनबाईंनी नवऱ्याकडे असे पाहिले की त्याचे कान लाल झाले. त्याने तत्काळ घरचे दार उघडून दिले. प्रिंटर घरघरला, आकृती निघाली, आणि यथावकाश मनोऱ्यावरचे टोले आमच्या खोलीतही ऐकू येऊ लागले.

पण मित्रांनो, अप्पा आता प्रिंटरपाशी आले की आधी मुलाला विचारतात, "कागद घेऊ ना रे?"

आजवर शेकडो निरोप मी परतवले. हा प्रश्न परतवायला मला वाट सापडत नाही. माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. मात्र घरातल्या माणसासाठी एखादे दार लावावेच लागले, तर ते त्याच्या समोर बसून, त्याला सांगून लावा.