चांगल्या पायाचा बूट

"वाढला! पाय वाढला!" गावातला बासिलियो बोंबलला आणि तंबाखूच्या कोठारासमोर एकच गलका उडाला. बाया रडायला लागल्या, म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूस काढले. मधोमध खुर्चीत रबरी बूट घालून बसलेला रेमिहियो स्वतःच्याच पायांकडे आ वासून बघत होता. मघाशी आखूड दिसणारा दुखरा पाय आता दुसऱ्याच्या बरोबरीला आला होता!

याच कोठाराच्या आढ्यावर तंबाखू टांगताना तो पडला होता. मांडीचं हाड मोडलं. शहरातल्या सर्जनने धातूची पट्टी घालून ते जोडलं नि घरी पाठवलं. पुढचं सगळं गावच्या डॉक्टर इदालमिसकडे: जखम बघायची, व्यायाम करून घ्यायचा, कुबड्या सोडू द्यायच्या नाहीत. पण रोज ओट्यावर बसून कॉफी पिणाऱ्या डॉक्टरला किंमत कोण देतो? पिकतं तिथे विकत नाही, हेच खरं.

"फेक त्या कुबड्या!" रेमिहियोच्या टाचा धरून जप करणारा फिरता धर्मोपदेशक बंधू सिल्वेरियो गरजला. "प्रभूने नवा पाय दिलाय. चढ आढ्यावर, दाखव जगाला!" रेमिहियोने कुबड्या गवतात भिरकावल्या.

घरभेटीला निघालेली इदालमिस गर्दीमागे थांबून हे सगळं बघत होती. तिने सायकल तिथेच टाकली. हाड अजून कच्चं होतं. हा आज चढला असता, तर जन्माचा लंगडा झाला असता.

"रेमिहियो, खबरदार उठलास तर!"

"डॉक्टरीणबाई, तुम्ही आपलं बीपी मोजा," बासिलियो खिदळला.

"मोजते ना. आधी तुझा पाय मोजते. ये, बस इथे."

रेमिहियोला तिने बाकावर बसवलं. बासिलियो आपल्या रबरी बुटांसकट ऐटीत खुर्चीत बसला. तिने त्याच्या दोन्ही टाचा हातात धरल्या. "अरे देवा! तुझा डावा तर बोटभर आखूड!"

"काहीतरीच! काल बेसबॉल खेळलोय मी!"

इदालमिसने डोळे मिटले, सिल्वेरियोसारखाच घोगरा आवाज काढला, "उतर, हे कृपे, उतर..."

"वाढला!" कुणीतरी किंचाळलं.

"सगळे डाव्या पायाकडे बघत होतात ना?" इदालमिस उठली. "माझा हात उजव्या बुटावर होता. सैल बूट आधी बोटभर बाहेर ओढला, मग जप करता करता हळूच आत सारला. अहो, लबाडी दुखऱ्या पायावर झालीच नाही. चांगल्या पायावर झाली!"

"पाखंडी बाई!" सिल्वेरियो ओरडला.

"मग अनवाणी पायावर करा की, बंधू. तुमच्या प्रभूला रबर लागतं का?"

"अश्रद्धेच्या जागी कृपा उतरत नाही," असं पुटपुटत त्याने टोपी उचलली आणि तो चालू लागला.

रेमिहियो मांडी चोळत म्हणाला, "बाई, ऑपरेशन झालं तरी दुखत होतं. वाटलं, संपलं सगळं."

"मग हे मला विचारायचं होतंस, गाढवा! हाड सर्जनने जोडलं, पण ते जुळेपर्यंत राखण माझी. दुखलं तर मला शिव्या दे, पण मलाच बोलाव."

त्याची बायको नेरेइदा गेली आणि गवतात पडलेल्या कुबड्या उचलून घेऊन आली.

तेव्हा लोकहो, कुणी चमत्कार दाखवायला आला, तर हात जोडण्याआधी त्याला बूट काढायला लावा. काढू दिले नाहीत, तर आपल्या कुबड्या घट्ट धरा.